गोड नाही, म्हणून चालतं?

‘मला शुगर आहे,’ असं पाहुण्यानं सांगितलं की आमच्या धाराशिवकडच्या घरांत चार वाजताचा चहा बिनसाखरेचा येतो आणि त्याच्याबरोबर ताटलीभर चुरमुऱ्यांची सुशीला. ‘हलकी आहे, गोड नाही, घ्या की अजून थोडी!’ हा आग्रह मायेचा असतो, म्हणूनच त्याविरुद्ध बोलणं जड जातं. पण बोललं पाहिजे.

पेढ्याची मला एवढी काळजी वाटत नाही. कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा समोर आला की मधुमेही माणूस स्वतःच हात आखडतो. घात होतो तो गोड न लागणाऱ्या पदार्थांनी. चुरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळ. त्यातला स्टार्च जिभेला कळत नाही, पण पोटात त्याचं ग्लुकोजच होतं, तेही झपाट्यानं. टोस्ट, खारी, बिस्किटं यांतल्या मैद्याचं तेच. पुड्यावर ‘शुगर-फ्री’ लिहिलंय, असं कुणी म्हणेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मैदा किती, हे त्या शब्दांत येत नाही.

गुळाचा कैवार घेणारेही पुष्कळ. गूळ गावचा, रसायनाविना केलेला, त्यात लोह आहे, सगळं कबूल. तरी गूळ हा उसाचा आटवलेला रसच. १० ग्रॅम गुळात आठ-नऊ ग्रॅम साखरच असते.

आणि उपवास! तुळजाभवानीच्या नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा खायचा आणि ‘उपास आहे, शुगर आपोआप उतरेल’ असं समजायचं. साबुदाणा निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमभरही प्रथिनं नाहीत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. देवीला यात काही वावगं वाटणार नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे : ‘बदाम-अक्रोड आम्हाला परवडत नाहीत, मग आम्ही खायचं काय?’ हा प्रश्न खरा आहे. मधुमेह आता शहरातल्या सुखवस्तूंचा आजार राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांत खेड्यांतली माणसंही आहेत. पण उत्तर आपल्याच शिवारात आहे. हरभरा आपण रब्बीला पेरतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, शिवाय भरपूर चोथा. त्यामुळे साखर सावकाश चढते आणि भूकही थांबते. सालासकट खावेत, खारवलेले नकोत. माघात हरभऱ्याचा डहाळा आणून हुळा भाजावा. मोड आलेली मटकी कांदा-लिंबू घालून घ्यावी. शेंगदाणेही चांगले, पण ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. मुठीचं माप सोडू नये. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डाळी-दाण्यांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

ज्वारी चालते म्हणून हुरडा मनसोक्त खाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. चांगलं धान्यही धान्यच असतं. ओंजळभर हुरडा, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. रेवड्या आणि गूळ बाजूला.

सुशीलाही सोडायला नको. चुरमुरे नेहमीच्या निम्मे घ्यावेत आणि उरलेली जागा मोडाची मटकी, डाळ्या, कांदा, कोथिंबीर यांनी भरावी. तेवढ्यानं तो वेगळाच पदार्थ होतो, आणि खरं सांगायचं तर चवीलाही उजवा.

फुटाण्यांची एवढी बाजू घेतली तरी एका वेळी ते उपयोगाचे नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारी बाई दुपारी खुरपताना घामाघूम झाली, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा हळूहळू पचणारं काही देऊन चालत नाही. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. रानात जाताना भाकरीच्या फडक्यात फुटाण्यांबरोबर साखरेची एक पुडीही बांधलेली असावी, आणि ती कशासाठी आहे हे शेजारच्या पातीवरच्या बाईलाही ठाऊक असावं.