हेलिकॉप्टरच्या शॉटचे पैसे कोण देतं?

टूर द फ्रान्स टीव्हीवर बघितलीय? सायकलींची शर्यत, 21 टप्पे, रस्त्याकडेला उभं राहून बघायला तिकीट नाही. वर हेलिकॉप्टर, त्याला बाहेरून लावलेल्या गोळ्यात कॅमेरा. हेलिकॉप्टर हादरलं की जायरो ते टिपतो, मोटर कॅमेऱ्याला तेवढंच उलटं फिरवते. चित्र हलतच नाही.

पण मध्येच कॅमेरा सायकली सोडून जुन्या किल्ल्यावर, द्राक्षमळ्यावर जातो. मला विचाराल तर खरा माल तोच! टप्पा आपल्याकडे सुरू व्हावा, संपावा म्हणून तिथली गावं आयोजकांना पैसे मोजतात. गाव जगाला दिसतं ना.

आपल्याकडे पोरं कर्ज काढून ड्रोन घेतात आणि क्रिकेट टुर्नामेंटवाल्याला तासाचा रेट सांगतात. तो घासाघीस करणारच, त्याचं बजेट ट्रॉफी आणि मंडपातच संपलेलं असतं. त्यापेक्षा मैदानाभोवती बोर्ड लावणाऱ्या ट्रॅक्टर शोरूमवाल्याकडे जा, सराफाकडे जा. त्याचा बोर्ड वरून किती स्पष्ट आणि किती वेळ दिसतो, ते मोबाइलवर दाखवा. मग रेट बोला. अशी दोन गिऱ्हाइकं पक्की होईपर्यंत हप्त्याच्या भानगडीत पडू नका, ड्रोन भाड्याने आणा.