ठिबक येथे, गळती कोठे?

विद्यार्थिमित्रांनो, उद्या शाळेत जाताना एक काम करा. वाटेत ज्या सिग्नलपाशी मालट्रक थांबतात, तेथे फुटपाथवरच उभे राहून रस्त्याकडे नीट पाहा. मला जवळचा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड. अंधेरी-बोरिवलीच्या मुलांना पश्चिम द्रुतगती मार्गालगतचा कोणताही सिग्नल चालेल. थांबण्याच्या रेषेमागे रस्ता काळाकुट्ट दिसेल आणि जसजसे मागे जावे तसतसे डाग विरळ होत गेलेले दिसतील.

नववीत तुम्ही गतीचे आलेख काढता. हा त्यातलाच एक आलेख, फक्त तो ट्रकाने काढलेला आहे. समजा, एंजिनातून दर दोन सेकंदांना तेलाचा एक थेंब पडतो. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेव्हा दोन थेंबांत अंतर पडेल २० मीटर. गाडी मंदावून ताशी ९ किलोमीटरवर आली, की तेच अंतर ५ मीटर होईल. आणि सिग्नलला ती दीड मिनिट उभी राहिली, तर एकाच जागी ४५ थेंब! मुलुंडच्या नाक्यावर पूर्वी जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ पासून मुंबईतली जकात बंद झाली. तोवर गाड्या तेथे तासन्‌ तास उभ्या असत, मग जमीन काळी का होत असे हे वेगळे सांगायला नको.

एक थेंब म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. ४० थेंबांचा एक मिलिलिटर धरा. तासाला १८०० थेंब, म्हणजे ४५ मिलिलिटर; दहा तासांच्या फेरीत अर्ध्या लिटरला थोडे कमी. मोठ्या ट्रकाच्या एंजिनात दहा-बारा लिटर तरी तेल असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. पण चालकाने तेलाची पट्टी काढून पाहण्याचा आळस केला, की एखाद्या दिवशी कसाऱ्याच्या घाटात बेअरिंगे जळतात. आणि जे तेल रस्त्यावर पडले ते कोठे जाते? पावसाळ्याचा पहिला शिडकावा झाला, की पाण्यापेक्षा हलके असलेले ते तेल वर येते, रस्त्यावर पातळ थर पसरतो आणि दुचाकीवाले धडाधड घसरतात. मग अग्निशामक दलाची माणसे येऊन माती टाकतात. तेव्हा ही गळती कोठून होते हे शोधणे, हे केवळ गॅरेजवाल्याच्या पोटापाण्याचे काम नव्हे. माझ्या मते ते भौतिकशास्त्राचे अत्यंत चांगले प्रात्यक्षिक आहे; आपण शाळेत करतो त्या बऱ्याच प्रात्यक्षिकांपेक्षा चांगले. हे माझे मत का झाले ते सांगतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील भांडुपला राहतात. स्वतःचा ट्रक स्वतःच चालवतात. गाडी जुनी, सहा सिलिंडरची, सातारा पासिंगची. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असते, तेथून तेल ठिबकू लागले. एका गॅरेजात दाखवताच निदान झाले, ‘मागचे ऑईल सील गेले.’ मागचे सील म्हणजे क्रँकशाफ्ट एंजिनातून मागे जेथे बाहेर पडतो तेथील रबरी कडे. ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो. चार दिवस गाडी उभी आणि भाडे बुडाले. पाचव्या दिवशी ठिबक पुन्हा सुरू! सील डुप्लिकेट निघाले असे ठरले आणि पुन्हा गिअरबॉक्स खाली. मग खालच्या चेंबरचे पॅकिंग बदलून झाले. ठिबक आपली चालूच.

शेवटी ते रस्त्यालगतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. मुलाच्या आग्रहाने मीही गेलो होतो. मिस्त्रींनी ट्रकाखाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. म्हणाले, “सर, आधी आंघोळ घालू, मग आजार बघू.” डिझेल आणि ब्रश घेऊन त्यांच्या पोऱ्याने सगळे एंजिन धुतले, हवा मारून कोरडे केले आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. एंजिन चालू केले. काही नाही. आधीच्या लोकांनी एवढ्यावरच पाहणे थांबवले असते. मिस्त्रींनी मात्र काकांना सांगितले, “ठाण्यापर्यंत जाऊन या, गाडी चांगली तापू द्या.”

तापण्याचे इतके महत्त्व का? तेलाची विष्यंदिता, म्हणजे साध्या भाषेत दाटपणा, तापमानाबरोबर झपाट्याने घटते. ट्रकाच्या एंजिनात सर्रास वापरले जाणारे तेल १०० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने सुमारे सातपट पातळ असते. थंड असताना जी फट तेल अडवून धरते, तीच गरम झाल्यावर त्याला वाट देते. रुग्णाला ताप संध्याकाळी येत असेल, तर वैद्याने सकाळी नाडी पाहून कसे चालेल?

आणि पावडर कशासाठी? वडापाव बांधून आणलेला कागद तुम्ही उजेडाकडे धरून पाहिलाच असेल. तेल लागलेल्या जागी तो अर्धपारदर्शक दिसतो. कागदाचे तंतू आणि त्यांमधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाने हवेची जागा घेतली, की तंतू आणि तेल यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्याने विखुरणे कमी होते. पावडरचेही तसेच, तेल लागले की तिचा पांढरेपणा जातो आणि खालचे काळे लोखंड दिसू लागते. मोठ्या वर्कशॉपांत तेलात चमकणारा रंग मिसळून त्यावर जंबुपार किरणांची बॅटरी मारतात, म्हणजे गळतीची वाट हिरवट-पिवळी उजळते. उपाय उत्तम आहे, पण पावडरचा डबा स्वस्त आणि तत्त्वाला तितकाच पक्का.

गाडी परत आली. मिस्त्रींनी बॅटरी आणि हातातला छोटा आरसा घेऊन वरपासून पाहायला सुरुवात केली. हे वरपासून पाहणे महत्त्वाचे. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि धावत्या गाडीत पंख्याच्या व समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. ती सापडली एंजिनाच्या माथ्यावर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात! तेथून एक काळी रेघ एंजिनाच्या पाठीवरून उतरत, क्लच हाउसिंगच्या सांध्यात शिरून, तळाच्या भोकापर्यंत गेली होती. मागच्या सीलचा काही दोष नव्हता. दोनदा बदलले ते बिचारे निरपराध.

आता कोणीही कव्हरचे पॅकिंग बदलून मोकळा झाला असता. मिस्त्री थांबले. “पॅकिंग तर गेलंय, पण ते आत्ताच का गेलं?” मला विचाराल तर त्या सबंध दुपारचे सार या एका प्रश्नात होते. त्यांनी ब्रीदरची नळी काढली. एंजिनात ज्वलन होताना थोडा वायू दट्ट्याच्या कड्यांमधून निसटून खालच्या भागात येतो. एंजिन झिजलेले असेल तर जास्तच. त्याला बाहेर जायला ही नळी ठेवलेली असते. ती काजळी आणि तेलाच्या घट्ट गाळाने भरून गेली होती.

येथे मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून पारदर्शक नळी नेऊन तिचा इंग्रजी यू आकाराचा दाबमापक केला, त्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक तेलाची पट्टी जाते त्या भोकाला घट्ट बसवले. ब्रीदर तुंबलेला असताना पाण्याच्या पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक पडला. नळी साफ केल्यावर तो जेमतेम २ सेंटिमीटर राहिला. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १००० पास्कल. फार नाही, होय ना? पण पास्कलचा नियम काय सांगतो? दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. टॅपेट कव्हर ६० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद धरा: क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे ९ किलोग्रॅम वजनाइतका जोर ते कव्हर आतून वर ढकलत होता आणि जेथे सांधा सर्वांत दुबळा तेथून तेल बाहेर काढत होता. खालचे सील खरोखरच नवे आणि घट्ट झाल्यामुळे वरच्या कोपऱ्यावरचा ताण काही कमी झाला नव्हता.

दुरुस्ती तशी किरकोळ. ब्रीदर साफ केला. कव्हरची कड सपाट लोखंडावर ठेवून पाहिली, तर बोल्टांच्या भोकांपाशी ती खाली वाकलेली. गळते म्हणून कोणीतरी बोल्ट जोर लावून आवळले असणार. आवळल्याने बोल्टाजवळचा कॉर्क चिरडतो, पत्रा वाकतो आणि दोन बोल्टांमधली फट उलट वाढते! कड ठोकून सरळ केली, नवे कॉर्कचे पॅकिंग घातले आणि मधून कडांकडे जात बोल्ट बेताने आवळले. रात्री ट्रकाखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर दोन थेंब होते. मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “हे गिअरचं ऑईल, याचं उद्या बघू.” गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, एंजिनाचे तेल काजळीने काळे असते, डिझेल पातळ आणि पसरणारे, नाकसुद्धा एक उपकरण आहे.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ पासून टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला मालट्रक बांधायला घेतले. अशा गाड्यांवर हात बसवत आपल्याकडे मिस्त्र्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांतले सगळेच या म्हाताऱ्यांसारखे नसतात, हे काकांनी दोनदा गिअरबॉक्स उतरवून अनुभवले. अंदाजाने भाग बदलत सुटणे हा रोग गॅरेजात आहे, तसाच तो आपल्या प्रयोगशाळेतही आहे. तेथे विद्यार्थी लंबकाचा प्रयोग सुरू करण्यापूर्वीच उत्तर ९.८ यायला हवे हे जाणतो आणि तक्त्यातले आकडे त्याप्रमाणे बदलतो. मला यातला दुसरा रोग अधिक घातक वाटतो, कारण त्यात गाडी रस्त्यावर उभी राहत नाही. मुलाला पूर्ण गुण मिळतात.

शिक्षकबंधुभगिनींची अडचण मी जाणतो. अभ्यासक्रम पुरा होत नाही, कपडे खराब होतात आणि चालत्या एंजिनाजवळ मुलांना नेणे धोक्याचे आहे. तेव्हा ट्रक नको. ठिबकणारा नळ, पंक्चर झालेली ट्यूब, हवा सोडणारा स्टोव्हचा पंप, काहीही चालेल. अट एकच, की गळती कोठे आहे हे शिक्षकांनाही आधी ठाऊक नसावे. मुलांनी धुवावे, पुसावे, पावडर किंवा साबणाचे पाणी लावावे, एका वेळी एकच बदल करावा आणि काय पाहिले ते वहीत लिहावे. गुण निम्मे द्यावेत ते कोणकोणत्या जागा तपासून निर्दोष ठरवल्या त्यांना. गळती सापडली नाही तरीसुद्धा. साहित्याला खर्च जवळजवळ नाही. पहिल्या तासापुरती शाळेची पाण्याची टाकी पुरे. ती बहुतेक ठिकाणी आयतीच गळत असते.