‘फॉर्म’ नावाची पळवाट

वेगवान गोलंदाजाविषयी बोलताना मराठी क्रिकेटरसिकाला दोन शब्द पुरतात: ‘फॉर्म’ आणि ‘अन्याय’. गोलंदाज संघात असला की त्याचा फॉर्म गेलेला असतो. संघाबाहेर असला की त्याच्यावर अन्याय झालेला असतो. या दोन शब्दांच्या मधला जो प्रदेश आहे, म्हणजे खांदा, गुडघा, मांडीमागचा स्नायू, धावेची लांबी, मनगटाची ठेवण, तिकडे फिरकण्याची गरज कुणाला वाटत नाही. आमचा आक्षेप या आळसाला आहे. तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि प्राध्यापकांपुढे मांडण्याचे कारण इतकेच, की ‘अमुक कवीची प्रतिभा आटली’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही समीक्षा म्हणून खपते.

इगतपुरीच्या फलाटावर हा वाद विशेष रंगतो. नाशिकहून मुंबईला रोज जाणारे पासधारक पंचवटी एक्सप्रेसमध्ये तो सुरू करतात. गाडी येथे टेकते, वडापाव आणि चहा आत येतो, आणि निवड समितीचे उरलेसुरले सदस्य घाट उतरेपर्यंत निकालात निघालेले असतात. या चर्चेला स्थानिक भूगोलाचीही धार आहे. इगतपुरी नाशिक जिल्ह्यातली, म्हणून रणजीच्या नकाशावर ‘महाराष्ट्रा’ची. घाटाखालचे कसारा ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे ‘मुंबई’चे. सदतीसास एक अशा चढावर गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, त्या अवघ्या पंधराएक किलोमीटरांत संघ बदलतो आणि नशीबही बदलते अशी येथली श्रद्धा आहे. मुंबईकडे २०२४ पर्यंत ४२ रणजी करंडक जमा झाले. महाराष्ट्राकडे दोन, तेही १९३९-४० आणि १९४०-४१ चे. या आकड्यांनी कुणाच्याही मनात सल उत्पन्न व्हावी. परंतु सल हा युक्तिवाद नव्हे.

या सलीचा आवडता नायक झहीर खान. श्रीरामपूरचा, म्हणजे ‘आपला’. देशीवादाची चर्चा वर्गात ज्यांनी ऐकली आहे त्यांना या ‘आपला’चा मोह ओळखीचा वाटेल, नेमाड्यांच्या मूळ मांडणीशी त्याचा संबंध किती, हा प्रश्न वेगळा. गैरसोयीची गोष्ट अशी की आपला हा गोलंदाज प्रथम श्रेणीत उतरला तो बडोद्याकडून. त्याआधी तो मुंबईच्या मैदानांवर खेळला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला, आणि २०००-०१ चा रणजी करंडक बडोद्याने जिंकला तेव्हा तो बडोद्याचा होता. श्रीरामपूरच्या मातीने त्याला डावखुरी यॉर्कर शिकवली असे म्हणणे म्हणजे लेखकाच्या जन्मगावाची नदी दाखवून त्याच्या कादंबरीची रचना समजावण्यासारखे आहे.

२३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झहीरच्या पहिल्या षटकात १५ धावा गेल्या. त्याच स्पर्धेत त्याने १८ बळी घेतले होते, हे त्या संध्याकाळी आपण सारे विसरलो. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुखापती झाल्या, वेग घटला, संघातले स्थान गेले. ‘फॉर्म गेला’ म्हणणारे आणि ‘अन्याय झाला’ म्हणणारे तेव्हा दोन्ही फलाटांवर तावातावाने भांडत होते. प्रत्यक्षात घडले ते दोघांच्याही शब्दांत मावणारे नव्हते. २००६ मध्ये हा गोलंदाज वूस्टरशरला गेला, एका कौंटी हंगामात आठवडेच्या आठवडे गोलंदाजी करून ७८ बळी घेतले, धाव आखडती घेतली, वेगाचा हट्ट सोडून शिवणीची आणि कोनांची भाषा शिकला. वर्षअखेरीस तो दक्षिण आफ्रिकेत भारतीय संघात परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने नऊ बळी घेतले. आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर, पुन्हा अंतिम सामन्यात, त्याची पहिली पाच षटके: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. २००३ च्या त्या षटकापासून या पाच षटकांपर्यंतचा प्रवास हे पुनर्लेखन आहे. आपली निम्मी समीक्षा पुनर्लेखन वाचायला शिकलेली नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

यावर कुणी म्हणेल, खरा अन्याय होतच नाही काय? होतो. पांडुरंग साळगावकरांचे उदाहरण समोर आहे. सत्तरच्या दशकात महाराष्ट्राच्या या गोलंदाजाची देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत गणना होत होती. प्रथम श्रेणीत २०० हून अधिक बळी, आणि कसोटी एकही नाही. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांना नेले नाही. त्या दौऱ्यात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या, बेदींनी एका डावात २२६ धावा मोजल्या, आणि मग आपण ४२ धावांत आटोपलो. साळगावकर असते तर ४२ चे ८४ झाले नसते, हे उघड आहे. पण ६२९ विषयी प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायलाच हवा. आमची तक्रार अशी की साळगावकरांचे नाव घेणाऱ्या शंभरांपैकी एकालाही त्यांचा चेंडू कसा पडत असे हे सांगता येत नाही. अन्यायाची कथा टिकली, गोलंदाजी हरवली. उपेक्षित कवींच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो: उपेक्षेवर प्रबंध लिहितो आणि कविता वाचायची राहून जाते.

अजित आगरकरांची गंमत निराळी. एकदिवसीय सामन्यांत २८८ बळी, त्यांतले पहिले ५० केवळ २३ सामन्यांत. कसोटीत ५८ बळी, तेही ४७ च्या सरासरीने. आणि २००३ च्या ॲडिलेड कसोटीत ४१ धावांत सहा बळी, ज्यावाचून तो विजय संभवतच नव्हता. ‘फॉर्म’ हा शब्द या माणसापुढे सपशेल हात टेकतो. त्याच आगरकरांकडे २०२३ मध्ये निवड समितीचे अध्यक्षपद आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोहम्मद शमीच्या तंदुरुस्तीवरून शमी आणि ते यांची जाहीर विधाने परस्परांवर आदळली. शमीने २०२३ च्या विश्वचषकात २४ बळी घेतले होते. त्यानंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. रसिकांनी तत्काळ दोन पक्ष केले आणि जुनेच दोन शब्द वाटून घेतले. शस्त्रक्रियेनंतर त्याचा पुढचा पाय कसा पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या स्पेलमध्ये वेग किती उतरतो, याकडे पाहून बोलणारे थोडे.

रसिकाला निवाडा करण्याचा अधिकार नाही असे आम्ही म्हणत नाही. तिकीट त्याने काढलेले असते, रात्र त्याने जागवलेली असते. पण निवाड्यापूर्वी त्याने काय पाहिले ते सांगावे, एवढी अट आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला घालतो. ती चाळीस वर्षे सामने पाहणाऱ्यालाही लागू का असू नये? पंचवटीत पुढल्या वेळी कुणी ‘त्याचा फॉर्म संपला’ असे म्हणाला तर त्याला एवढेच विचारावे: कोणत्या सामन्यात, कोणत्या स्पेलमध्ये, कोणत्या टप्प्यावर? कसाऱ्यापर्यंत उतरायला तेवढा वेळ पुरतो.