तिसऱ्या भेटीला कोण चुकतं?

शिरूर-दौंडकडची माणसं समुपदेशनाला टिकत नाहीत, असं एका जाणकारांनी नुकतंच ठणकावून सांगितलं. दोनदा येतात, रडतात, तिसऱ्यांदा फिरकत नाहीत. चिकाटी नाही, समज नाही. त्यांना गोळ्याच बऱ्या. आणि उपचारकाशी नातं म्हणजे लाडीगोडी, खरं काम तंत्र करतं!

आधी चिकाटी बघू. शिरूरहून येरवड्याचं मनोरुग्णालय साठ-सत्तर किलोमीटर. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्याचा एक खाडा म्हणजे एक रोज बुडाला. तरी तो दोनदा आला, ही चिकाटी नाही तर काय? प्रश्न आहे तो खोलीत काय झालं याचा. समजा, पाटसची एक बाई झोप नाही, छातीत धडधडतं म्हणून आली. तिला झोप हवी आहे. समोरचा तिचं बालपण उकरतो, मनात येईल ते वहीत लिहून आण म्हणतो. ती वही घरात ठेवायची कुठे, सासूच्या हाती लागली तर काय, हे कोणी विचारत नाही. ‘हो सर, आणते,’ म्हणून ती उठते. आपल्याकडे डॉक्टरच्या तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. नकार द्यायचा तो न येऊनच. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: दोघांना एकच ध्येय पटणं, त्यासाठीची कामं पटणं आणि परस्परांवर भरवसा. तिच्या बाबतीत पहिले दोन जुळलेच नाहीत. आणि दोष मात्र तिच्या समजेचा!

क्षयरोगाबाबतही हेच ऐकलं होतं, पेशंटच औषध सोडतात म्हणून. १९९७ पासून डॉट्स योजनेत औषध घराजवळच्या माणसाच्या हातून मिळू लागलं, तेव्हा तेच पेशंट कोर्स पुरा करू लागले.

उपचार अर्धवट सोडणं हा आपल्या मातीचा दोषही नव्हे. २०१२ मध्ये मानसोपचाराचे ६६९ अभ्यास एकत्र पाहिले, तर साधारण पाचातला एक जण मध्येच थांबलेला दिसला. तंत्राचं म्हणाल, तर २०१८ च्या २९५ अभ्यासांच्या आढाव्यात पद्धत कोणतीही असो, नातं घट्ट तिथे गुण अधिक, असंच आढळलं. राहिल्या गोळ्या. त्याही विश्वासाशिवाय कोणी महिनोन्महिने घेत नाही.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ नैराश्यग्रस्तांवर एक चाचणी झाली, २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ती आली. समुपदेशक स्थानिक होते, मानसोपचाराची आधीची पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले आणि देखरेखीखाली काम करणारे. सहा ते आठ भेटींचा उपचार, गरज पडली तर पेशंटच्या घरी जाऊन. ज्यांना तो मिळाला त्यांचं नैराश्य इतरांपेक्षा कमी झालं.

शिरूर-दौंडच्या सरकारी दवाखान्यांत हेच हवं. दर वेळी तोच समुपदेशक भेटावा. उठताना त्याने विचारावं, आजचं बोलणं कामाचं झालं का? भेट चुकली तर त्यानेच फोन करावा, आणि माझं काही खटकलं का, हेही विचारावं. ‘हो’ असं उत्तर आलं, तर पुढची भेट त्यावरच घ्यावी.