हक्क घटनेत, औषध काळ्या बाजारात

क्युबाच्या २०१९ च्या घटनेतील ७२ वे कलम आरोग्याला प्रत्येकाचा हक्क मानते आणि मोफत उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकते. त्याच क्युबात आज शस्त्रक्रिया ठरली, की नातेवाईक सिरिंज, हातमोजे, टाक्यांचा दोरा गोळा करत हिंडतात; काळ्या बाजारात मिळाले तर ठीक, नाहीतर मियामीतल्या भावाला साकडे. गरजेच्या औषधांपैकी जेमतेम ३० टक्के उपलब्ध आहेत, हे २०२५ मध्ये खुद्द आरोग्यमंत्र्यांनीच मान्य केले.

ही पडझड साधीसुधी नाही. खाली दवाखाना, वर डॉक्टरचे घर आणि भोवतालच्या सुमारे १२० कुटुंबांची जबाबदारी, अशी रचना या गरीब बेटाने १९८४ पासून उभी केली. २०१८ मध्ये तिथे हजार जन्मांमागे चार अर्भके दगावत होती. अमेरिकेलाही तेवढे साधलेले नव्हते. २०२१ मध्ये हा आकडा ७.६ झाला. कोविडचे वर्ष म्हणून तो सोडून द्यावा, तर २०२३ मध्येही तो सातच्या खाली उतरला नाही.

अमेरिकेची १९६२ पासूनची नाकेबंदी क्रूर आहे, यात शंका नाही. पण हवानात आलिशान हॉटेले उभी राहतात, ती याच नाकेबंदीत. पर्यटक रोडावले तरी हॉटेलांवरची गुंतवणूक आरोग्यावरच्या गुंतवणुकीच्या अनेक पट राहिली, असे सरकारी सांख्यिकी खातेच सांगते. त्याच खात्याच्या नोंदीनुसार २०२१ नंतरच्या एका वर्षात १२ हजारांच्या आसपास डॉक्टर घटले. घटणार नाहीत तर काय? ब्राझीलमध्ये २०१८ पर्यंत आठ हजारांवर क्युबन डॉक्टर राबत होते; मोबदल्याचा साधारण चौथा हिस्सा त्यांच्या हाती पडे, बाकीचा बहुतेक क्युबा सरकार ठेवून घेई.

ऑगस्ट २०२१ मध्ये पंतप्रधान मारेरो म्हणाले, औषधांपेक्षा डॉक्टरांबद्दलच तक्रारी जास्त आहेत. ओल्गीन प्रांतातल्या तरुण डॉक्टरांनी चित्रफितीतून जाहीर उत्तर दिले. हे धाडसच म्हणायचे. कारण तिथे डॉक्टरांची स्वतंत्र संघटना नाही आणि सरकारला जाब विचारणारा विरोधी पक्षही नाही. मग कलम ७२ घेऊन रुग्णाने जायचे कुणाकडे?

आपल्याकडच्या डाव्यांनी क्युबाच्या आरोग्यसेवेचे पोवाडे भरभरून गायले, आणि ते अस्थानी नव्हते. नाकेबंदीविरुद्ध त्यांनी जरूर बोलावे. पण हॉटेलांचा पैसा दवाखान्यांकडे वळवा आणि डॉक्टरांना संघटित होऊ द्या, हेही हवानाला त्यांनीच खडसावून सांगायला हवे. वॉशिंग्टनने सांगितलेले हवाना ऐकणार नाही.