चाकणचा किल्लेदार : पराभवातही मान राखणारे राज्य

महाराष्ट्राच्या इतिहासात १६६० हे वर्ष पन्हाळ्याचा वेढा आणि घोडखिंडीतील बाजीप्रभूंचे बलिदान यांसाठी स्मरले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच पावसाळ्यात पुण्याच्या उत्तरेस, चाकणच्या भुईकोटात, एक किल्लेदार मोगलांच्या बलाढ्य फौजेला सुमारे दोन महिने रोखून धरीत होता, याची आठवण किती जणांना असते? बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांच्या कारखान्यांमुळे चाकणचे नाव आज देशभर पोहोचले आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या उद्योगपट्ट्यात दूरदूरची कुटुंबे रोजगारासाठी येऊन स्थायिक झाली. त्यांच्या मुलांना चाकण म्हणजे एमआयडीसी एवढेच ठाऊक असेल, तर तो दोष मुलांचा नव्हे.

फिरंगोजी नरसाळा हे शहाजीराजांच्या जहागिरीतील चाकणच्या ठाण्याचे किल्लेदार. शिवरायांनी जहागिरीचा कारभार स्वतंत्रपणे हाती घेतला, तेव्हा फिरंगोजींनी त्यांची सत्ता मान्य केली. शिवरायांनीही त्यांना किल्ल्यावर कायम ठेवले आणि भोवतालच्या काही गावांचा कारभारही त्यांच्याकडे सोपविला. जुन्या माणसाला दूर न सारता विश्वासाने जबाबदारी द्यायची, ही स्वराज्याची रीत तेथून दिसू लागते.

मे १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात आला. अहमदनगरकडून येणाऱ्या रसदीची वाट निर्धोक करायची, तर चाकण हाती हवे होते. २१ जून रोजी तो किल्ल्यासमोर येऊन ठाकला. संग्रामदुर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कोटाला ना कडा, ना जंगल. तटबंदी, बुरूज आणि खंदक हाच काय तो आधार. शिवराय त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. जुलैमध्ये ते विशाळगडी पोहोचले, तरी चाकणला कुमक पाठविणे शक्य नव्हते. कोसळत्या पावसात तोफा आणि बंदुकांना तोंड देत शिबंदी लढत राहिली. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंग पेरला आणि १४ ऑगस्ट रोजी एक बुरूज उडविला. खिंडारातून मोगल आत घुसू लागले, तो समोर मातीचा आणखी एक उंच बांध उभा! त्याच्या आडून किल्ल्यातील लोकांनी दिवसभर झुंज दिली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकड्यांनुसार या एका भुईकोटासाठी मोगलांचे २६८ सैनिक ठार आणि ६०० जखमी झाले. सपाटीवरचा कोट एवढी किंमत मागतो, तर सह्याद्रीतील गड किती मागतील, हा हिशेब खानाला करावा लागला असेल.

राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला स्वाधीन केला आणि उरलेल्या सोबत्यांचे प्राण वाचविले. त्यांचे शौर्य पाहून खानाने बादशाही चाकरी देऊ केली. तिला नकार देऊन हा हरलेला किल्लेदार आपल्या राजाकडे परत गेला. किल्ला गमावून आलेल्या माणसाचे स्वागत कसे झाले? शिवरायांनी त्यांचा सन्मान केला आणि पुढे भूपाळगडाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. खुद्द शिवरायांनाही त्याच वर्षी पन्हाळा आदिलशहाच्या स्वाधीन करावा लागला होता. किल्ला गेला म्हणजे निष्ठा गेली, असे न मानण्याची दृष्टी त्या राज्यकर्त्याजवळ होती.

याच काळात युरोपच्या पूर्व सीमेवर कोसॅक स्वारांचा सरदार बोहदान ख्मेलनीत्स्की याने १६४८ मध्ये पोलंडच्या सत्तेविरुद्ध उठाव करून युक्रेनमध्ये स्वतःची राजवट उभी केली. त्या उठावावर ज्यूंच्या कत्तलींचा डागही आहे. १६५४ मध्ये त्याने मॉस्कोच्या झारचे छत्र स्वीकारले. १६५७ मध्ये तो मरण पावला आणि त्याचे सरदार पोलंड, मॉस्को व तुर्कस्थान यांच्यात विभागले गेले. १६६७ मध्ये पोलंड आणि मॉस्को यांनी नीपर नदी ही सीमा धरून तो प्रदेश आपसात वाटून घेतला. शौर्यात कोसॅक कमी नव्हते. पण नेत्यामागे टिकेल अशी निष्ठेची घडी बसली नव्हती. मराठ्यांतही मोगलांची मनसब पत्करणारे पुष्कळ निघाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाल्यावर आणि राजधानी रायगड पडल्यावर हे राज्य अठरा वर्षे औरंगजेबाशी झुंजत राहिले. अशी निष्ठा हुकमाने निर्माण होत नाही. प्रामाणिकपणे लढून हरलेल्याला येथे न्याय मिळतो, हा अनुभव माणसांना यावा लागतो.

आज केवळ यशाचीच गणना होते. परीक्षेत मागे पडलेला मुलगा, निवडणुकीत हरलेला कार्यकर्ता, मंदीत काम गमावलेला कामगार यांच्याकडे समाज चटकन पाठ फिरवितो. फिरंगोजींना मिळालेली वागणूक या सवयीला उत्तर आहे. निकालाबरोबर प्रयत्नांचेही मोजमाप झाले पाहिजे, आणि ते करण्याचे दायित्व नेतृत्वाचे आहे.

संग्रामदुर्गाच्या तटबंदीचे आणि बुरुजांचे काही अवशेष चाकणच्या वस्तीत अजून उभे आहेत. औद्योगिक पट्ट्यातील शाळांनी वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे, शिवजयंतीच्या मिरवणुकीवरील खर्चाचा काही भाग मंडळांनी त्या अवशेषांच्या निगेसाठी द्यावा, एवढे सहज होण्यासारखे आहे. नव्याने वसलेल्या कुटुंबांना या मातीशी जोडायचे, तर त्याची सुरुवात चाकणच्या या किल्लेदाराच्या ओळखीपासून व्हावी.