मोटारीची बॅटरी रात्रींतून कां उतरते?

मागील अंकांत आम्हीं गच्चीवरील टांकीच्या गळतीविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेस दुसऱ्या एका गळतीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. पाणी गळतें तेव्हां भिंतीवर ओल तरी उमटते. मोटारीच्या बॅटरींतील वीज गळते तेव्हां ना ओल, ना आवाज. सकाळीं चावी फिरवावी, सेल्फनें नुसती टिकटिक करावी आणि मंडळींनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें, एवढाच तिचा पुरावा. पुरावा इतका अपुरा असला म्हणजे मनुष्य कारण शोधण्याऐवजीं आरोपी शोधूं लागतो. हा दोष आमच्याच हातून घडला, म्हणून तो प्रथम सांगून टाकतों.

आमच्या घरच्या मोटारींत आम्हीं नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेतली. पुढें नवा रेडिओ, मागें डिकींत ॲम्प्लिफायर आणि एक मोठा स्पीकर. मूळच्या स्पीकरमधून ख्यालाचा षड्ज डब्यांत खडा वाजावा तसा ऐकूं येई, हें त्याचें निमित्त. पुढें कांहीं आठवड्यांनीं पुष्कळदां सोमवारींच मोटार चालू होईना. नातू शनिवारीं संध्याकाळीं मित्रांस घेऊन मोटार नेत असे आणि रविवारीं ती बहुधा जागची हलत नसे. आमचें अनुमान तयारच होतें : पोरानें आंतला दिवा चालू ठेवला!

एका सोमवारीं आमच्या कुटुंबास डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं सकाळीं सात वाजतां रुग्णालयांत पोंचावयाचें होतें. मोटार ढिम्म. रिक्षा मिळाली, शस्त्रक्रियाही सुखरूप पार पडली. परंतु निघण्यापूर्वीं शेजाऱ्यांच्या देखत आम्ही नातवास नको तें बोललों. "आजोबा, मी दिवा बंद केला होता," एवढेंच तो म्हणाला. त्यानें चावी खुंटीस अडकविली आणि त्यानंतर तिला हात लावला नाहीं.

आम्हीं नवी बॅटरी घेतली. तीन आठवड्यांनीं सोमवारीं तीही उतरली, आणि या तीन आठवड्यांत नातवानें मोटार नेलीच नव्हती! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यास दोषी ठरविणारे आम्ही. ज्यानें ३५ वर्षें वर्गांत काकतालीयन्याय समजावून सांगितला, त्यानेंच घरीं तो विसरावा, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

मग आम्हीं पद्धतशीर विचार आरंभिला. कारण असेल तेथें कार्य दिसलें पाहिजे, हा अन्वय. कारण काढून घेतलें असतां कार्यही नाहींसें झालें पाहिजे, हा व्यतिरेक. मोटारींत व्यतिरेकाची सोय उत्तम आहे, कारण विजेच्या बहुतेक वाटांवर फ्यूज बसविलेले असतात. फ्यूज उपटला कीं ती वाट बंद झाली.

तत्पूर्वीं दोन संशयितांची चौकशी करावी लागते. पहिली स्वतः बॅटरी. शिशाच्या या बॅटरीचा मूळ नमुना १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं तयार केला. तिचें तत्त्व अद्याप तेंच आहे. पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे अर्धी उरली, आणि १२ च्या खालीं गेली म्हणजे ती जवळ जवळ रितीच समजावी. दुसरा संशयित ऑल्टरनेटर. इंजिन चालू असतां बॅटरीच्या टोकांवर साधारणपणें १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर तो आपलें काम करीत आहे. आमच्या मोटारींत दोघेही निर्दोष ठरले. म्हणजे मोटार उभी असतांना कोणी तरी आंत जागें राहून वीज पीत होतें.

त्याचें माप असें घ्यावें. बॅटरी पूर्ण भरावी, चावी काढून दूर ठेवावी, सर्व दिवे बंद करावे. फ्यूजच्या पेटीसाठीं दार उघडें ठेवावें लागल्यास त्याची कडी पेचकसानें दाबावी, म्हणजे दार लागलें असें मोटार समजते. पुढें दार लावण्यापूर्वीं ती कडी सोडावयास मात्र विसरूं नये. नंतर बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवून, तें टोक आणि ती तार यांच्यामध्यें मल्टिमीटर १० ॲम्पियरच्या भोंकांत जोडावा. आतां अर्धा-पाऊण तास थांबावें, कारण हल्लींच्या मोटारींतील नियंत्रक यंत्रें लगेच झोंपत नाहींत. मीटर असा जोडलेला असतां चुकूनही सेल्फ मारूं नये. त्यास शेंकडों ॲम्पियर लागतात आणि मीटर जळतो. विजेवर किंवा संकरित पद्धतीवर चालणाऱ्या मोटारींत हा उद्योग घरीं करूंच नये.

सर्व निजल्यावर आंकडा सामान्यतः ०.०५ ॲम्पियरच्या आंत यावा. घड्याळ आणि गजर यांना तेवढें पुरतें. आमचा आंकडा ०.८४ वर अडून बसला. पेटींतील फ्यूज एकामागून एक उपटून पाहिले, आंकडा ढळेना. एवढा वेळ नातू जिन्यांत उभा राहून पाहत होता. तो खालीं आला आणि म्हणाला, "आजोबा, ॲम्प्लिफायरची जाड तार या पेटींतून जातच नाहीं. ती थेट बॅटरीवरून निघते. तिचा फ्यूज बॅटरीजवळच आहे, पाहा." तो फ्यूज त्यानें काढला आणि आंकडा ०.०३ वर आला. पुन्हां बसविला, पुन्हां ०.८४. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले.

आतां गणित पाहावें. बॅटरी ३५ ॲम्पियर-तासांची. ०.८४ च्या हिशेबानें एका रात्रीच्या १२ तासांत सुमारें १० ॲम्पियर-तास जात. मोटार तरीही चालू होई आणि दिवसाच्या फेऱ्यांत बरीच भरपाई होई. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंतच्या ३६ तासांत मात्र ३० जात. म्हणजे दोष शनिवारच्या नातवाचा नसून रविवारच्या विश्रांतीचा होता! शिवाय अशी वरचेवर रिती होणारी बॅटरी आंतल्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसून अकालीं मरते. मूळ दोष तसाच ठेवून नवी बॅटरी घेणें म्हणजे भोंक न बुजवितां टांकी भरणें होय.

आणि हा दोष आला कोठून? रेडिओस मुख्यतः दोन वाटांनीं वीज मिळते. बहुधा पिवळी तार सदैव जिवंत असते, ती घड्याळ व आठवण यांसाठीं. लाल तार चावी फिरविल्यावरच जिवंत होते. रेडिओ चालू झाला म्हणजे तो एका निळ्या तारेनें ॲम्प्लिफायरला जागें करतो, आणि बंद झाला म्हणजे निजवितो. आम्हीं कारागिरास हट्टानें सांगितलें होतें कीं, चावी काढल्यावरही गाणें ऐकूं आलें पाहिजे. त्यानें लाल तार पिवळीस जोडली आणि त्याच सांध्यांत ॲम्प्लिफायरची निळी तारही गुंडाळली. तेव्हांपासून ॲम्प्लिफायर अहोरात्र जागाच! त्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलाविलें. त्यानें लाल तार चावीच्या वाटेवर नेली आणि निळी रेडिओच्या निळ्या तारेस जोडली. काम अर्ध्या तासाचें. चावी काढली कीं आतां गाणें थांबतें, आणि तें आम्हीं पत्करलें आहे.

प्रत्येक मोटारींत गुन्हेगार ॲम्प्लिफायरच असेल असें मात्र नाहीं. डिकींतला न विझणारा दिवा, कांचेवर लावलेला कॅमेरा, ऑल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड, यांपैकीं कोणीही असूं शकेल. परंतु मागून बसविलेलें उपकरण असेल तर आरंभ तेथूनच करावा, आणि त्याची तार पेटीबाहेरून गेली आहे काय तें आधीं पाहावें.

त्या संध्याकाळीं, ज्या शेजाऱ्यांसमोर आम्ही नातवास बोललों होतों, त्यांच्याच समोर आम्हीं आपली चूक कबूल केली आणि खुंटीवरची चावी त्याच्या हातीं दिली. तो कांहीं बोलला नाहीं. शनिवारीं मात्र मोटार बाहेर गेली आणि सोमवारीं सकाळीं पहिल्याच सेल्फला चालू झाली.